शिंपला मिटतो तेव्हा

फोनच्या पडद्यावर शिंपला पुन्हा मिटला. शंतनुने हातातला इडलीचा घास खाली ठेवला.

"आईचं सुरू झालं परत."

तो ऑफिसात होता, महादेवपुऱ्यात; घर के. आर. पुरमला. हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये त्याने जायंट क्लॅम हा समुद्री शिंपला पाळला होता, ओंजळीएवढा, निळ्याजांभळ्या काठाचा. आधीचे दोन मेले, म्हणून हा तळहातावरच्या फोडासारखा जपलेला. टँकवर वरून रोखलेल्या कॅमेऱ्यात फक्त शिंपला दिसायचा, बाकी घर नाही. हा प्राणी उजेडावर जगतो. समोर सावली हलली की मिटतो, आणि सारखा मिटत राहिला तर उपासमार होऊन मरतो.

श्यामलाबाईंना, म्हणजे शंतनुच्या आईला, हे पटत नसे. पूजा झाली की त्या उदबत्ती टँकपुढेही ओवाळत. समुद्रातला जीव आपल्या दारी आलाय, म्हणत. त्यावरून काल तो त्यांना फार वाईट बोलला होता. मी ऑफिसातून सगळं बघत असतो, हेही सुनावलं होतं.

शिंपला उघडला. मिटला. परत उघडला, परत मिटला. शंतनुने फोन लावला. त्या उचलेनात.

"स्वल्प, जरा घरी जाऊन बघून ये की," समोर बसलेला बेळगावचा सहकारी रविकिरण म्हणाला.

"काय बघायचंय? तिला माहितीय मी बघतोय. मुद्दाम करतेय."

बऱ्याच वेळाने मिटणं थांबलं. शिंपला छान पसरून उघडा राहिला. शंतनुला हायसं वाटलं, कालच्या बोलण्याची थोडी लाजही वाटली. त्याने 'थँक्यू आई' असा मेसेज टाकला आणि मीटिंगला गेला.

संध्याकाळी त्याने दार उघडलं, तेव्हा श्यामलाबाई टँकपाशी जमिनीवर पडल्या होत्या. अंग गार झालं होतं. फोन स्वयंपाकघरात ओट्यावर होता. देवापुढची उदबत्ती पेटलेलीच नव्हती. त्यांच्या डाव्या हातात चालायची काठी होती आणि तिचं टोक शिंपल्यासमोर काचेला टेकलेलं होतं.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर येऊन गेले. अर्धांगाचा झटका, म्हणाले. सकाळीच आला असावा, वाचा आधी गेली असणार.

शंतनु काठी हातात घेऊन बसून राहिला. तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, म्हणून मुलगा जिथे बघतो तिथून आई त्याला हाका मारत होती.