बजाबाईचं वळण

"हॉर्न कुणासाठी वाजवताय? म्हातारी ठार बहिरी हाय!"

खडी फोडणाऱ्या बायांतून मुक्ताबाई ओरडली, तेव्हा रामहरीचा टँकर म्हातारीपासून हातभर अंतरावर येऊन थांबला होता.

थांबला म्हणजे रामहरीनं जीव खाऊन थांबवला होता. भरल्या टँकरला ब्रेक मारला की आतलं पाणी मागून ढकलतं. म्हातारीनं मात्र मानसुद्धा वर केली नाही. डोईवरची पाटी सावरत ती रमतगमत पलीकडे गेली आणि लिंबाखाली जाऊन बसली.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. सोलापूर-सांगोला रस्त्यावर दुष्काळी काम चालू होतं. बाया कडेला खडी फोडत. तान्ही पोरं लिंबाला टांगलेल्या झोळ्यांत, आणि पाय फुटलेली सगळी डांबरावर. त्याच वळणावरून पाण्याचे टँकर भरधाव जात. रामहरी त्यांत सगळ्यांच्या पुढे. सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून निघाला की मधे कुणाच्या बापासाठी थांबायचं नाही, ही त्याची ऐट. हॉर्नवर हात ठेवला की रस्ता आपला, एवढंच त्याचं शास्त्र.

त्या शास्त्राला ही म्हातारी पुरून उरली. सायकलवाल्याला किंवा बैलगाडीला ती कधी आडवी गेली नाही. नेमका टँकर वळणावर आला की तिला पलीकडे काम निघे. बायांची लाल फडकी लावून झाली होती, हातवारे करून झाले होते, शिव्याही देऊन झाल्या होत्या. त्यांतल्या कशानंही रामहरीचा पाय ब्रेकवर गेला नव्हता. आता रोज जाऊ लागला.

शेवटी एक दिवस तो तणतणत खाली उतरला. "अक्का, त्या म्हातारीला दुसरीकडं बसवा. एखाद्या दिवशी माज्या हातनं मरंल ती."

मुक्ताबाई त्या टोळीची मुकादम. तिनं हातोडी खाली ठेवली.

"बजाबाईला मरणाचं काय भ्या, दादा? येडू म्हणून नातू हुता तिचा. एकुलता. असाच एक डायवर हॉर्न वाजवत आला. पोरगं भेदरलं, कडंला पळायचं सोडून गाडीम्होरंच पळालं. तवापासनं तिला काय ऐकूच येईना झालं."

बाकीच्या बायांनी पदर तोंडाला लावले. एकीचे तर खांदे हलत होते.

रामहरी खाली मान घालून उभा राहिला. म्हातारी सगळ्यांकडे पाठ करून बसली होती. मागच्या झोळीत पोर कुरकुरलं, तशी तिनं दोरी ओढून झोका दिला. करकंबला त्याच्याही घरी रांगतं पोर होतं.

त्या संध्याकाळी सात रस्त्याच्या चहाच्या टपरीवर त्यानं बाकीच्या ड्रायव्हरांना बजावलं, "त्या वळणावर सेकंड गिअर. हॉर्नच्या भरवशावर कुणी जायचं न्हाय."

महिपती हसला. त्याचाही टँकर त्याच रस्त्याला होता. "सगळ्यात जोरात तूच पळवतोस, आन् आमाला शिकवतोस व्हय?"

"पळवत हुतो. तितं बहिरी म्हातारी बसती. गाडी घातलीस तिच्यावर, तर तुजा हॉर्न कोर्टात साक्षीला येणार हाय का?"

मग रामहरीनं येडूची गोष्ट सांगितली, आणि महिपतीनं चहाचा ग्लास तसाच खाली ठेवला.

हळूहळू त्या रस्त्याला सवयच लागली. टँकर असो, ट्रक असो, साहेबाची जीप असो, लिंबाची झाडं दिसली की पाय आपोआप ब्रेकवर जाई. लोक 'बजाबाईचं वळण' म्हणू लागले. उन्हाळाभर तिथं एका पोराला खरचटलंसुद्धा नाही. रामहरीला याचा कोण अभिमान! टँकर थोडा उशिरा पोचे, पण हल्ली त्याला त्याचं काही वाटत नसे.

तिथलं काम आटोपलं. टोळी उद्या पुढच्या मैलावर जाणार असं कळल्यावर रामहरीनं पेठेतून एक तांबडंभडक लुगडं घेतलं. नव्या जागी म्हातारी लांबूनच दिसावी, एवढाच विचार. टँकर त्यानं अलीकडेच बाभळीखाली लावला आणि लुगड्याची घडी काखेत मारून तो चालत निघाला. हे नेसून रस्त्यावर बस, हे बहिऱ्या माणसाला खुणेनं कसं सांगावं, याची तो वाटेत हातानं तालीम करत होता.

खडीच्या ढिगाशी तो पोचला, तेव्हा पलीकडे बजाबाई बोलत होती.

"मुक्ते, माजी कंबर गेली बाई. पुढच्या कामावर बहिरी तू हो. आन् नातू मारायचा तर आता तुजा मार. त्या डायवरांनी आठवण काढून काढून माज्या येडूला उचक्या लागत्यात, भाकर गिळंना झालाय पोरगा."