घोड्याचा पाहुणचार

तूपभाताकडे घोड्याने पाठ फिरवली, तेव्हा चांगाईने त्यात गूळ कालवला. बहामनी अमलात कोकणात भात पिके, चांगले घोडे मात्र समुद्रापलीकडून येत. हा हुरमुजहून चौल बंदरात उतरलेला. देसायांनी हौसेने घेतला आणि त्यांच्या मूलबाळ नसलेल्या बायकोने, चांगाईने, दृष्ट काढूनच त्याला दारात घेतला.

"बाई, सुकं गवत द्या, थोडे जव द्या," घोड्याबरोबर आलेला मोतद्दार सालेम मोडक्या मराठीत रोज सांगे.

"तुमच्याकडे दुष्काळ असेल. आमच्या दारचा जीव गवतावर राहायचा नाही," चांगाई म्हणे.

घोड्याचं पोट सुटत गेलं. देसायांना वाटलं, बाळसं धरतोय. शेजारीपाजारी कौतुक करून गेले. मग एका सकाळी तो पोटाच्या कळांनी खाली बसला, तो उठलाच नाही.

घोडा पुरून देसाई तसेच बंदरावर गेले, दुसरा बघायला. चांगाई रिकाम्या तबेल्यात सालेमशेजारी टेकली. तिने विचारलं, "तिकडे काय खायचा रे तो?"

सालेम रोजचंच सांगू लागला. आज तिने शेवटपर्यंत ऐकलं.