जहाज थांबलं तेव्हा

मुंबईच्या बंदरात देशोदेशीच्या शिडाच्या होड्यांची शर्यत झाली. नौदलातली लेक सोनम त्यात उतरली होती, म्हणून आटपाडीकडचा मेंढपाळ बिरदेव जाऊन बघून आला. ‘टँकरच्या गावची पोर होडी हाकणार!’ म्हणत चार वर्षं दात काढणाऱ्या कोंडीबानं त्याला यष्टीतनं उतरतानाच गाठलं.

“कितवी आली रं पोरगी?”

“गड्या, आपली मेंढरं रस्त्यात आली की ट्रकवाला आयबाप काढतोय का न्हाई? तितं साखर कारखान्याएवढं जहाज, माज्या सोनीची होडी म्होरनं जाईस्तवर गप उभं ऱ्हायलं. हारन बी वाजवला न्हाई!”

“ते ऱ्हाऊ दे. नंबर कितवा?”

बिरदेवाचा हात पटक्याकडं गेला.

“तेवढं इचारायचंच ऱ्हायलं बग.”