विधवेची कमान

कमानीसमोर पोचल्यावर हाओमिंगनं आईचा हात धरून तिला नेमकं मधोमध उभं केलं.

"हीच ती," तो म्हणाला. "हिच्यासाठीच तुला हुइझोऊला आणलं."

रुईफांगनं मान वर केली. चार करडे खांब, कोरलेले ढग आणि अगदी वर मोठाली अक्षरं. सकाळपासून तिनं बरंच पाहिलं होतं. पांढऱ्या भिंतींची घरं, काळी कौलं, व्यापाऱ्यांच्या हवेल्यांमधले उंच अंधारे चौक. पाय दुखत होते, पण मन रमलं होतं. दोन दिवसांची सहल, तीही मुलानं आपणहून काढलेली. ती सहल नव्हती, हे आत्ता कुठे तिच्या लक्षात आलं.

गाइड, एक चुणचुणीत पोरगी, पाठ केलेलं बोलू लागली. "ही बाई तरुणपणीच विधवा झाली. सगळे म्हणाले, दुसरं घर कर. तिनं ऐकलं नाही. सूत कातलं, सासूसासऱ्यांना सांभाळलं, मुलाला शिकवलं. मुलगा मोठा अधिकारी झाला आणि त्यानं बादशहाची परवानगी आणून आईसाठी ही कमान उभारली."

"ऐकलंस?" हाओमिंग हळूच म्हणाला. "अजून लोक तिचा मान राखतात. आणि तू, बाबा गेले तेव्हा नाही सुचलं, आता साठी उलटल्यावर त्या शूशी लग्न करायला निघालीस. सासुरवाडीत मी काय तोंड दाखवू?"

रुईफांग गाइडकडे वळली.

"पोरी, हिचं नाव काय होतं गं?"

"वर लिहिलंय ना, मावशी. वांग घराण्याची सून, हू घराण्याची लेक."

"ते नवऱ्याचं आणि बापाचं झालं. तिचं?"

मुलगी घुटमळली. "ते... कुठे लिहिलेलं नाही."

"आणि कमान बांधायच्या आधी मुलानं तिला विचारलं होतं?"

"तेव्हा ती हयात नव्हती, मावशी."

"मग बांधली कुणासाठी?"

गाइडनं हाओमिंगकडे पाहिलं. तो कानापर्यंत लाल झाला होता. "आई, पुरे. लोक बघतायत."

"बघू देत. त्यासाठीच तर आणलंस ना इथे?"

तिनं पिशवीतून फोन काढला, नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मोठा केला.

"जेवलीस का?" पलीकडून शूचा घोगरा आवाज आला.

"जेवण राहू दे. उद्या सकाळची गाडी पकड आणि हुइझोऊला ये. ओळखपत्र घे. लग्न आता कुठल्याही गावात नोंदवता येतं म्हणालास ना? मग इथेच नोंदवू."

"तिथे? अगं, आपलं पुढच्या महिन्यात ठरलंय ना?"

"ठरलं होतं. पण पोरानं मला आजच विधवेच्या कमानीखाली आणून उभं केलंय."

शूनं विचारलं, "निळा कोट घालू की करडा?"

"निळा. करडं इथे पुष्कळ आहे."

गाइडला हसू आवरेना. तिनं तोंडावर हात धरला. हाओमिंग मात्र हसला नाही.

"आपली गाडी आज संध्याकाळची आहे," तो म्हणाला.

"तुझी आहे. जायचं तर जा. थांबलास तर उद्या आमच्याबरोबर जेव." बोलताना तिनं नजर वळवली नाही. "आणि जायच्या आधी माझा एक फोटो काढ."

तिनं फोन त्याच्या हातात दिला. कमान मावावी म्हणून तो मागे सरकत गेला, पार समोरच्या भिंतीला टेकला.

"तू फार पुढे उभी आहेस," तो ओरडला. "वरची अक्षरं येत नाहीत. मागे हो."

"मी मागे होणार नाही. तूच पुढे ये. अक्षरं नाही आली तरी चालतील."

तो तसाच उभा राहिला. मग एकेक पाऊल टाकत जवळ आला, त्यानं बटण दाबलं आणि फोन परत दिला.

रुईफांगनं पाहिलं. फोटोत दगड जवळपास उरलाच नव्हता. विस्कटलेल्या केसांची एक बाई तेवढी होती, हनुवटी वर केलेली.