आबांनी पाहिलेला मासा

"दात आतल्या बाजूक वळलेले होते गो," आबा म्हणाले. शलाकाने माशाच्या चित्राच्या ठशासाठी कोरत आणलेली लाकडी फळी बाजूला ठेवली आणि नवी घेतली.

वीस वर्षांपूर्वी आबांच्या जाळ्यात कपाळावर दिवा असलेला एक काळा मासा आला होता. तो तडफडत होता म्हणून त्यांनी परत समुद्रात सोडला आणि मालवणच्या बंदरावर थापाडे ठरले. तेव्हापासून ते त्याबद्दल बोलतच नसत. आता शलाकाने, त्यांच्या लेकीने, त्याचं चित्र छापायचं म्हणून विचारलं, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

पुण्याच्या प्रदर्शनात एक बाई त्या चित्रासमोर थबकल्या. त्या सागरी जीवांच्या अभ्यासक होत्या. "हा फार खोल पाण्यातला मासा. आपल्या किनाऱ्यावर कुणी पाहिल्याची नोंदच नाही. तुम्ही कुठे पाहिलात?"

"मी नाही, माझ्या वडिलांनी," शलाका म्हणाली.

आबा कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. बाई वही उघडून त्यांच्यासमोर जमिनीवरच बसल्या. "काका, जाळं किती खोल टाकलं होतं?"

आबांनी एकदा लेकीकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. "सावकाश सांगतंय," ते म्हणाले, "सगळा लिहून घेवा."