नाशिकचा रस

“आधी फिरवायची, मग हुंगायची आणि मग जिभेवर खेळवायची. घाई करायची नाही,” असं म्हणत कुलदीपच्या सासऱ्यांनी उंच दांडीचा ग्लास दिव्यासमोर धरला.

नाशिकच्या वाईनची बाटली त्यांनी पुण्याहून आणली होती. मेहकरच्या पुढे खेड्यात काय मिळणार, म्हणून ग्लासही कागदात गुंडाळून आणले होते. लेकीचं सासर ते पहिल्यांदाच बघत होते. पुढच्या खोलीत ते, सासूबाई, त्यांची लेक सुचिता आणि कुलदीप बसले होते. कुलदीपची आई मनकर्णाबाई आत पाहुण्यांचा स्वयंपाक करत होत्या. स्वतःसाठी त्यांनी भगर टाकली होती, कारण आज एकादशी.

सासऱ्यांना वाईनमध्ये जांभूळ लागलं, मागून थोडी दालचिनी. सासूबाईंना आवळा लागला. सुचिता म्हणाली, ओल्या लाकडाचा वास येतो. मग सगळे जावयाकडे बघायला लागले. कुलदीपला खरं तर खोकल्याच्या औषधाची आठवण झाली होती, पण तसं सांगितलं असतं तर गावंढळ ठरला असता.

“चॉकलेट,” तो म्हणाला.

“वा! जीभ आहे हं तुम्हाला, जावईबापू!”

जावईबापू खुर्चीत जरा ऐसपैस बसले. तेवढ्यात मनकर्णाबाई भाजलेल्या शेंगदाण्यांची ताटली घेऊन बाहेर आल्या. ताटली ठेवता ठेवता त्यांची नजर ग्लासांवर गेली.

“काय होय रे हे, लाल लाल?”

याचीच कुलदीपला दुपारपासून धास्ती होती. आई आता मोठ्यानं ‘दारू’ म्हणणार, ‘माह्या घरात, एकादशीले?’ म्हणणार, आणि पुण्याची माणसं एकमेकांकडे बघणार. म्हणाली असती तर तिचं काय चुकलं असतं? काहीच नाही. पण आपली आई या लोकांना अडाणी वाटेल, याची त्याला लाज वाटत होती. आईची लाज वाटते याची लाज त्याला अजून वाटायची होती.

“द्राक्षाचा रस आहे, आई,” तो म्हणाला. एरवी घरात ‘हाये’ म्हणणारा मुलगा ‘आहे’ म्हणाला.

सुचितानं त्याच्याकडे चमकून पाहिलं. सासऱ्यांना मात्र गंमत वाटली. “हो हो, रसच! नाशिकचा. विहीणबाई, तुम्ही पण घ्या की थोडा.”

“उपासाले चालते ना रे?” मनकर्णाबाईंनी विचारलं. सासऱ्यांना नाही, कुलदीपला.

आता तरी सांगता आलं असतं. उठायचं, आईला आत न्यायचं आणि कानात सांगायचं, एवढंच तर काम होतं. पण तिघंही त्याच्या तोंडाकडे बघत होते.

“चालतं,” तो म्हणाला.

सासऱ्यांनी एका स्टीलच्या वाटीत वाईन ओतली आणि विहिणीपुढे केली. मनकर्णाबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. घरात नवं काही आलं की ते आधी देवाला दाखवायचं, मग तोंडाला लावायचं, ही त्यांची रीत. मग ती शेतातली पहिली भेंडी असो नाहीतर पुण्याहून आलेली बाकरवडी.

“थांबा भाऊ, आधी देवाले दाखवू द्या,” असं म्हणून त्या वाटी घेऊन आत गेल्या.

उठावं, हाक मारावी, वाटी हातातून काढून घ्यावी, असं कुलदीपला आतून वाटत होतं. पण सासरे पुण्यातल्या पार्किंगबद्दल बोलत होते आणि हा माना डोलावत बसला होता. कान सगळे आतल्या घंटीकडे. नैवेद्य दाखवताना आई घंटी वाजवते. घंटी वाजली नाही. बराच वेळ झाला तरी वाजली नाही.

मनकर्णाबाई बाहेर आल्या. वाटी तशीच भरलेली होती. त्या विहिणीशेजारी बसल्या, पदर सावरला आणि काढा घेतात तशी वाटी एका दमात रिकामी केली. क्षणभर त्यांनी डोळे घट्ट मिटले.

“कसा वाटला रस?” सासऱ्यांनी हसत विचारलं.

“बरा हाये. जरासाक आंबट हाये,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी शेंगदाण्यांची ताटली विहिणीपुढे सरकवली. “दाने घ्या ना ताई. घरचे हायेत.”

मग रिकामी वाटी घेऊन त्या उठल्या. कुलदीपला तोंड कुठे लपवावं ते कळेना. पाणी आणायचं निमित्त करून तो त्यांच्या मागोमाग आत गेला.

देव्हाऱ्यात निरांजन जळत होतं. मनकर्णाबाई मोरीपाशी वाकून चुळा भरत होत्या. भरतच होत्या. तो आल्याचं कळलं तरी त्या थांबल्या नाहीत.

“आई,” तो म्हणाला, “देवाले नाही दाखवलं तू?”

“वास आला.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “तसलं कसं ठेवू देवापुढं?”

“तुले समजलं होतं? मंग पेली काऊन?”

मनकर्णाबाईंनी ती वाटी राखेनं घासली, विसळली आणि बाकीच्या भांड्यांपासून बाजूला उपडी ठेवली. बाहेर सासरे कशावर तरी खळखळून हसत होते. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मनकर्णाबाई हळू आवाजात बोलल्या.

“चार लोकायत तू रस म्हनला ना? मंग रसच होता तो.”