कायद्याच्या आधीचा शनिवार

“थांब गं साळूबाई, तवा तापू दे,
दाराशी आलं धुकं, त्याला जाऊ दे.”

भुकेनं रडणाऱ्या पोरांना गिरिजामावशी भाकरी थापता थापता असं म्हणायची. आवाज जाडाभरडा, पण पोरं गप्प व्हायची. सांगलीतलं ते स्वयंपाकघर मागे पडून किती वर्षं झाली. आणि आज, अमेरिकेत, हर्नडन गावाबाहेर एका बंदुकीच्या दुकानासमोर रांगेत उभ्या असलेल्या हिमानीला तोच आवाज सकाळपासून ऐकू येत होता.

रांग शेजारच्या लाँड्रीला वळसा घालून पार्किंगमध्ये उतरली होती. लोक कॉफीचे कप घेऊन, घडीच्या खुर्च्या घेऊन आले होते. राज्यात नवा कायदा येणार अशी बातमी होती. तो आला की बंदूक घ्यायला आधी लायसन्स लागणार, लायसन्सला क्लास, बोटांचे ठसे, आणि मग वाट बघणं. कायदा अजून झालाही नव्हता. पण ज्यांच्या मनात कधी बंदूक आली नव्हती, तेही आज इथे होते. हिमानीचा नवरा सुशांत त्यांच्यातलाच. छातीशी बांधलेल्या झोळीत अनिका झोपली होती आणि तो तिच्या निसटलेल्या मोज्यात तिचं पाऊल हळूच परत बसवत होता.

“तांदळाच्या वेळी असंच केलंस,” हिमानी म्हणाली. “इंडियातून तांदूळ बंद होणार म्हणून पोतीच्या पोती आणलीस. अजून गॅरेजमध्ये पडलीत.”

“संपतोय ना हळूहळू.”

“तांदूळ शिजवता येतो, सुशांत.”

तो हसला. लेक उठू नये इतकंच हसला.

“यार, मला काय हौस आहे? महिन्यातला एक आठवडा मी ऑफिसच्या कामाला शॉमबर्गला. समोरच्यांकडे चोरी झाली तेव्हापासून तिकडे हॉटेलात माझा डोळा लागत नाही. तू आणि ही, दोघीच घरात. आत्ता नाही घेतली तर मग महिनोन् महिने थांबायला लावतील.”

“थांबायला लागलं तर काय बिघडतं?”

“ज्या दिवशी गरज पडेल, त्या दिवशी कसं थांबणार?”

हिमानीनं मान फिरवली. मायेपोटीच तो इथे उभा होता, म्हणून तर नको म्हणणं अवघड. नुसतं नको म्हटलं तर तो कारण विचारणार, आणि कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, डॉक्टरला नाही, त्याला तर नाहीच.

दुकानाचं दार उघडलं आणि मराठी मंडळातले उल्हासदादा बाहेर आले. काखेत लांबट खोका. नवा कुकर मिळाल्यासारखा चेहरा.

“घेतली एकदाची,” ते म्हणाले. “सुशांत, लवकर सरक रे, आत शेल्फं रिकामी होत चाललीत. वहिनी, तुम्हाला पेलतील अशा छोट्या पण आहेत.”

“दादा, तुम्ही झुरळ मारायला सुवर्णाताईंना हाक मारता,” हिमानी म्हणाली. “ही कधी चालवणार?”

“चालवायची कशाला? असलेली बरी. घरात पडून राहील.”

“घरात पडून राहील,” हिमानी हळूच म्हणाली. पण उल्हासदादा तोवर खोका सांभाळत गाडीकडे निघाले होते.

रांग सरकत राहिली. मागचा म्हातारा गोरा अनिकाकडे बघून हसला, आपली टोपी काढून त्यानं तिच्या डोळ्यांवर येणारं ऊन अडवलं आणि तसाच उभा राहिला. हिमानीनं त्याला थँक्यू म्हटलं. किती भली माणसं, तिला वाटलं. सगळी आपापल्या माणसांसाठी आलेली.

दार पुन्हा उघडलं. आतल्या मुलीनं बोटानं खूण केली. नेक्स्ट.

सुशांतनं झोळीचे पट्टे सोडले आणि अनिकाला हिमानीच्या खांद्यावर दिलं. खिशातून ड्रायव्हिंग लायसन्स काढलं, ग्रीन कार्ड काढलं.

“तू पण ये आत,” तो म्हणाला. “हातात धरून बघ. तुझ्यासाठीच घेतोय.”

हिमानीनं त्याची बाही धरली.

“ही झाली त्याच्यानंतरचा जानेवारी आठवतो? तू शॉमबर्गला होतास.”

“हो. त्याचं काय आत्ता?”

“रोज फोनवर मी म्हणायचे, झोप झाली नाही.”

“हं. रडायची ना ही रात्रभर.”

“ही झोपायची. मीच जागी असायचे.”

दारातली मुलगी वाट बघत होती. सुशांतनं तिच्याकडे पाहिलं नाही. मागच्या म्हाताऱ्याला शब्द कळले नाहीत, पण तो एक पाऊल मागे सरला आणि मागच्यांनाही त्यानं हातानं थोपवलं.

“हिमानी, काय झालं होतं?”

तिनं अनिकाचं डोकं आपल्या मानेशी आणखी जवळ घेतलं. इतकी हळू बोलली, की त्याला वाकावं लागलं.

“मला जगायचं नव्हतं. सकाळी उठले की घरभर काहीतरी शोधत फिरायचे, आणि काही सापडेपर्यंत ती लहर निघून जायची. त्या आठवड्यात घरात बंदूक पडलेली असती ना सुशांत, तर तू परत आलास तेव्हा दार उघडायला मी नसते.”